व्हॉलंटियरला मराठीत काय म्हणायचं, आणि 'स्वयंसेवक' सगळीकडे का चालत नाही

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. ऐरोलीला खाडीकिनारी कंपनीतर्फे कांदळवनातला कचरा काढायचा कार्यक्रम आहे, पोस्टर मराठीत करायचंय. तुम्ही 'स्वयंसेवक पाहिजेत' लिहिलंत तर ग्रुपवर एकजण म्हणाला की हा संघाचा शब्द आहे, दुसऱ्याने 'स्वेच्छासेवक' सुचवलं, तिसरा म्हणाला 'कार्यकर्ते' लिही, चौथा म्हणाला कशाला डोकं खाजवतोस, व्हॉलंटियर्स लिही, सगळ्यांना कळतं. आणि वर तुम्हाला असंही विचारायचंय की 'आय व्हॉलंटियर्ड' हे मराठीत म्हणायचं तरी कसं.

मी बावीसेक वर्षं ठाण्याला नौपाड्यात बसून हेच काम करते. संस्थांची पत्रकं, दवाखान्यांचे फॉर्म, मॅरेथॉनच्या सूचना, काय म्हणाल ते इंग्रजीतून मराठीत. या एका शब्दाने मला जेवढं छळलंय तेवढं कुठल्या कायद्याच्या कलमाने पण छळलं नाहीये, त्यामुळे उत्तर लांब होणार, आधीच सांगते.

गोम अशी आहे की इंग्रजीतल्या त्या एका शब्दाच्या पोटात तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, माणूस स्वतःच्या मर्जीने आला, कुणी ढकललं नाही. दोन, तो पैसे घेत नाहीये. तीन, तो काहीतरी सेवेचं, कामाचं करतोय. इंग्रजीत कुठल्या वाक्यात यातलं काय महत्त्वाचं आहे ते आजूबाजूच्या शब्दांवरून कळून जातं. मराठीत या तिन्ही गोष्टींना वेगवेगळे शब्द आहेत आणि चुकीचा निवडला की वाचणारा भलतंच समजतो. म्हणजे आपल्याकडे शब्द नाहीत असं नाही, उलट भरपूर आहेत, पण प्रत्येकाचा मोहल्ला वेगळा.

मूळ बघाल तर लॅटिनमधला 'व्होलुंटास' म्हणजे इच्छा, तिथून फ्रेंच, आणि तिथून साधारण १६०० च्या सुमारास इंग्रजीत. आणि आला तो सैन्यातून. सक्तीच्या भरतीत न येता आपणहून लढायला आलेला तो व्हॉलंटियर. त्याला पगार मिळत नव्हता असा काही अर्थ नाही, सेवाभाव वगैरे नंतरचं. आजही इंग्रजी पेपरात 'व्हॉलंटियर आर्मी' असं येतं आणि आपले काही उपसंपादक घाईघाईत 'स्वयंसेवकांचं सैन्य' करून टाकतात. आपलं भारतीय सैन्य अख्खं त्याच प्रकारचं आहे, सक्तीची भरती नाही, सगळे स्वेच्छेने भरती झालेले. पण सीमेवरच्या जवानाला कुणी स्वयंसेवक म्हणेल का? नाही ना. मग तिथे 'स्वेच्छेने भरती' एवढंच लिहायचं, माणसाला नाव द्यायचंच नाही.

गंमत म्हणजे या जुन्या सैनिकी अर्थाला आपल्याकडे झकास शब्दप्रयोग होताच, विडा उचलणे. दरबारात तबकात विडे मांडायचे, अवघड कामगिरी काय ती सांगायची, आणि ज्याची छाती असेल त्याने पुढे होऊन विडा उचलायचा. आपल्या सगळ्यांना शाळेत तो ऐकायला मिळतो तो अफझलखानाच्या गोष्टीत, विजापूरच्या दरबारात महाराजांना धरून आणायचा विडा त्याने उचलला म्हणून. म्हणजे मराठी पोरांच्या डोक्यात सगळ्यात प्रसिद्ध व्हॉलंटियर कोण, तर अफझलखान, आता काय बोलायचं. पण शब्दप्रयोग अजून जिवंत आहे, फक्त मोठ्या कामाला वापरायचा. 'सोसायटीच्या मीटिंगचे मिनिट्स लिहायचा विडा उचलला' हे फक्त चेष्टेत चालेल.

आता 'स्वयंसेवक'. हा संघाचा शब्द आहे का? संघ स्थापन झाला १९२५ ला. त्याच्या आधीपासून काँग्रेसच्या अधिवेशनांत मंडप सांभाळायला, पाहुण्यांची सोय बघायला स्वयंसेवकांची पथकं असायची, नागपूरच्या १९२० च्या अधिवेशनात तर अशा पथकाची जबाबदारी पुढे संघ काढणाऱ्या खुद्द हेडगेवारांकडे होती. म्हणजे शब्द आधीचा, नाव नंतरचं. पुढे १९४१ ला राष्ट्र सेवा दल आलं, त्यांनी आपल्या पोरांना 'सैनिक' म्हटलं, आजही सेवादल सैनिकच म्हणतात. आणि १९६९ मध्ये कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, म्हणजे आपली एनएसएस, तिच्यात पुन्हा 'स्वयंसेवक' आणि 'स्वयंसेविका' हेच अधिकृत शब्द. दोन वर्षांत २४० तास काम आणि एक सात दिवसांचं शिबिर केलेल्या कुठल्याही पोराला विचारा, तो स्वतःला 'रासेयो स्वयंसेवक' म्हणतो आणि त्याचं राजकारण काहीही असू शकतं. तेव्हा तुमच्या मित्राला सांगा शब्द सगळ्यांचा आहे. पण हेही खरं की नुसतं 'तो स्वयंसेवक आहे' असं म्हटलं, पुढेमागे काही संदर्भ नसला, तर महाराष्ट्रात ऐकणाऱ्याच्या डोक्यात आधी शाखाच येते. म्हणून मी नेहमी त्याला कामाचं नाव जोडते, म्हणजे स्वच्छता मोहिमेचे स्वयंसेवक, मॅरेथॉनचे स्वयंसेवक. जोडलं की शंका संपते.

एक छोटं, पण डोळ्यात खुपतं म्हणून सांगते. लिहिताना स्वयंसेवक लिहा, 'स्वंयसेवक' नको. अनुस्वार य वर. ठाण्यातल्या फ्लेक्सवर निम्म्या वेळा तो व वर बसलेला असतो. आणि संस्था असेल तर 'स्वयंसेवी संस्था', 'स्वयंसेवक संस्था' नाही. आणि बचत गटाचं 'स्वयंसहाय्यता' वेगळं, ते स्वतःच स्वतःला मदत करणं आहे, त्यात दुसऱ्याची सेवा नाही.

आता मी खाल्लेली माती. नवीन होते तेव्हा एका औषध चाचणीचं संमतीपत्रक भाषांतराला आलं होतं, कंपनीचं नाव जाऊ दे. इंग्रजीत 'हेल्दी व्हॉलंटियर्स', मी केलं 'निरोगी स्वयंसेवक', आणि सगळे तेच लिहितात, पेपरवाले पण. नंतर ते पत्रक काही लोकांना वाचायला देऊन समजतंय का बघायचं होतं, त्यात कळव्याचे एक काका होते, पूर्ण वाचून झाल्यावर मला म्हणाले, 'ताई, मी येतो हो, पण मला काम काय करावं लागेल? रांगा बिंगा लावायच्या आहेत का?' माझ्या पोटात गोळाच आला. त्या माणसाला वाटलं दवाखान्यात गर्दी आवरायला बोलावतायत, आणि प्रत्यक्षात त्याच्या अंगावर औषध तपासणार होते. म्हणजे संमती घेतली असती ती कशाची? तेव्हापासून मी तिथे 'चाचणीत स्वतःच्या इच्छेने सहभागी होणारी व्यक्ती' लिहिते आणि पुढे नुसतं 'सहभागी'. लांब होतं, होऊ दे. इथे सेवा हा मुद्दाच नाही, इच्छा हा मुद्दा आहे, आणि वर अशा निरोगी लोकांना वेळेचा मोबदला पण मिळतो, म्हणजे फुकट हाही मुद्दा नाही. तीनातली एकच गोष्ट उरली आणि मी नेमकी ती सोडून बाकीच्या दोन लिहिल्या होत्या.

इच्छेचे शब्द म्हणजे स्वेच्छा, ऐच्छिक, इच्छापूर्वक. यातही सांभाळून. 'ऐच्छिक' म्हटलं की शाळेतला ऐच्छिक विषय आठवतो, म्हणजे घेतला तर घेतला नाहीतर नाही. जीवशास्त्रात ऐच्छिक आणि अनैच्छिक स्नायू. रक्तदानाला मात्र 'ऐच्छिक रक्तदान' बसलंय आणि तिथे तो शब्द वजनदार आहे, कारण एके काळी पैसे घेऊन रक्त देणारे लोक असायचे, सुप्रीम कोर्टाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून ते बंद झालं, त्यामुळे तिथे ऐच्छिक म्हणजे पैसे न घेता, नातेवाईकाच्या बदल्यात पण नाही, आपणहून. एकच शब्द, एकीकडे 'वाटलं तर' आणि दुसरीकडे 'मनापासून'. फौजदारी कायद्यात तर 'व्हॉलंटरिली' म्हणजे मारणाऱ्याने ठरवून मारलं, तिथे मराठीत 'इच्छापूर्वक दुखापत'. तिथे कुणी 'स्वयंस्फूर्तीने दुखापत केली' लिहिलं तर न्यायाधीश पण हसतील.

आणि स्वेच्छानिवृत्ती. वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर रोडच्या कारखान्यांत काम केलेल्या कुठल्याही घरात हा शब्द विचारून बघा. आमचे बाबा पण त्यातलेच, कारखाना कुठला ते सोडा. ते म्हणायचे, स्वेच्छा कंपनीची, निवृत्ती माझी.

पैशाच्या बाजूचे शब्द वेगळे. अवैतनिक म्हणजे पगार नाही, मानद म्हणजे पगार नाही पण पद आहे, विनामूल्य म्हणजे समोरच्याकडून पैसे घेत नाही. बिनपगारी मात्र रजा असते, माणूस नाही, 'बिनपगारी फुल अधिकारी' ही टिंगल सोडली तर. आणि मधला एक चलाख शब्द आहे, मानधन. पगार म्हणायचा नाही पण काहीतरी द्यायचंय तेव्हा मानधन. इथे शब्दांचा खेळ राहत नाही, पोटाचा प्रश्न होतो. आशा ताईंचं बघा ना. इंग्रजीत आशा या नावातला शेवटचा ए आहे 'ॲक्टिव्हिस्ट'. महाराष्ट्रात त्यांना केलं 'आशा स्वयंसेविका'. पाड्यापाड्यात फिरून बाळंतिणींची नोंद ठेवा, लसीकरणाला बायकांना घेऊन जा, सर्व्हे करा, कोविडमध्ये घरोघरी जा, सगळं करायचं, पण त्या स्वयंसेविका, म्हणजे कर्मचारी नाहीत, म्हणजे किमान वेतन नाही, कामागणिक मोबदला. त्या मोर्चाला येतात तेव्हा मागणी काय असते, तर आम्हाला कर्मचारी म्हणा. म्हणजे एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द! अंगणवाडी सेविकांनाही असंच मानधनी म्हणत आले आणि शेवटी २०२२ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की त्यांना ग्रॅच्युइटी लागू होते. तेव्हा कुणी माझ्याकडे 'फुल टाइम व्हॉलंटियर, सोमवार ते शनिवार, दहा ते सहा' अशी जाहिरात घेऊन आलं की मी आधी विचारते, बाबा रे, ही नोकरी आहे का सेवा आहे. बहुतेक वेळा उत्तर नीट येत नाही.

'सेवक' हा शब्द पण बघा कसा फिरलाय. नगरसेवक म्हणजे निवडून आलेला, ग्रामसेवक म्हणजे सरकारी नोकर (२०२४ ला पदाचं नाव बदलून ग्रामपंचायत अधिकारी झालं), शिक्षणसेवक म्हणजे तीन वर्षं मानधनावर राबणारा मास्तर. तिघांत सेवक आहे, स्वेच्छेचा पत्ता नाही. आणि 'समाजसेवक' तर फ्लेक्सवर वाढदिवसाला मिळणारी पदवी झालीये, ती मी आता कुणा खऱ्या माणसाला लावायला कचरते.

'कार्यकर्ता' तुमच्या पोस्टरवर नको, त्याचं कारण वेगळं. कार्यकर्ता कुणाचा तरी असतो. मंडळाचा, पक्षाचा, चळवळीचा. एका रविवारी तीन तास येऊन प्लास्टिक उचलून घरी गेला तो कार्यकर्ता नाही झाला. उलट ठाण्यात गणपतीत दहा दिवस मंडपात झोपणाऱ्या पोराला स्वयंसेवक म्हटलंत तर तो म्हणेल, मी काय पाहुणा आहे का, मी मंडळाचा कार्यकर्ता आहे. त्यात हक्क आहे, भांडायची पण मुभा आहे. (बाई असेल तर कार्यकर्ती, 'महिला कार्यकर्ता' नाही.) तसंच सेवेकरी हा मठा-केंद्रातला, वारीतला, तिथे सेवा देवाची असते आणि माणूस निमित्त. कारसेवा हा मूळ पंजाबी, गुरुद्वाऱ्यातला, हाताने केलेली सेवा, पण १९९० नंतर आपल्याकडे त्याचा अर्थ एकाच ठिकाणी, अयोध्येत, जाऊन बसला, तो आता साध्या कामाला वापरता येत नाही.

मला विचाराल तर गेल्या काही वर्षांत मराठीने यावर सगळ्यात छान उपाय काढला तो 'मित्र'. सर्पमित्र, पक्षीमित्र, वृक्षमित्र. पानी फाउंडेशनने श्रमदानाला शहरातून येणाऱ्यांना जलमित्र म्हटलं, सरकारच्या आपत्ती व्यवस्थापनात आपदा मित्र आले. पावसाळ्यात घोडबंदर रोडच्या सोसायटीत साप निघाला की वॉचमन म्हणतो, 'सर्पमित्राला फोन लावा', कुणी 'सर्प स्वयंसेवकाला' म्हणत नाही. यात काम कळतं, आपुलकी कळते, राजकारण चिकटत नाही, बाई-पुरुष दोघांना चालतं. फक्त अती करू नका, मागे एका पत्रकात 'शौचालय मित्र' वाचला आणि चहा नाकात गेला.

आता क्रियापद, जे तुम्ही शेवटी विचारलंत आणि जे खरं तर पहिलं विचारायला हवं होतं, कारण मराठी माणूस हे नामात बोलतच नाही. 'मी स्वयंसेवा केली' म्हणू नका, त्याने उडुप्याच्या हॉटेलात स्वतःच ताट उचलून आणल्यासारखं वाटतं, सेल्फ सर्व्हिसला पण स्वयंसेवाच लिहितात ना. आपण म्हणतो मी आपणहून गेले, मी स्वतःहून सांगितलं, न बोलावता आला, पुढाकार घेतला, 'मी करते' म्हटलं. 'शी व्हॉलंटियर्ड द इन्फर्मेशन' म्हणजे तिने विचारायच्या आत सांगून टाकलं. बस. क्रियाविशेषण लावलं की काम झालं.

एक मोठा खड्डा मात्र आहे. एका कंपनीने सेवा सप्ताहाचं घोषवाक्य पाठवलं होतं, इंग्रजीत 'रेझ युअर हँड', आणि त्यांच्या मुंबईबाहेरच्या एजन्सीने मराठी करून आणलं, 'चला, हात वर करूया!' आता मराठीत हात वर करणे म्हणजे काय? जबाबदारी झटकणे! म्हणजे अख्खी कंपनी मोठ्या अक्षरात सांगत होती, चला, आमच्याच्याने होणार नाही. छापायच्या आधी सापडलं हे नशीब.

तसाच एक नमुना शेतीच्या पुस्तिकेचा. पिकाचं सांडलेलं बी पुढच्या हंगामात आपोआप उगवतं त्याला इंग्रजीत 'व्हॉलंटियर प्लांट्स' म्हणतात, रोग आणि कीड त्यावर टिकून राहते म्हणून उपटायचं असतं. माझ्याकडे तपासायला आलं त्यात लिहिलेलं, 'शेतातील स्वयंसेवक झाडे त्वरित काढून टाकावीत.' मी समासात नुसतं 'आपोआप उगवलेली' लिहिलं आणि अर्धा तास हसत बसले.

आणि बळजबरीचे शब्द तर आपल्याकडे विचारूच नका. बॉसने परस्पर तुमचं नाव दिलं की इंग्रजीवाले विनोदाने म्हणतात मला व्हॉलंटियर केलं, आपण म्हणतो गळ्यात मारलं, वेठीला धरलं, जबरदस्तीचा रामराम. घरच्यांच्या दृष्टीने तर सगळंच लष्कराच्या भाकऱ्या भाजणं, आणि पदरमोड करून भाजल्या तर काय बोलायची सोय नाही. ठाण्यात २०१० ला साहित्य संमेलन झालं तेव्हा मी तीन दिवस बिल्ला लावून होते, घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, 'झाल्या का भाजून?' त्यांच्या माहेरी शेतीत इर्जिक असायची, म्हणजे एकाच्या शेतावर गावाने आपापले बैल घेऊन जायचं, नांगरून द्यायचं, आणि त्याने सगळ्यांना जेवू घालायचं. त्यांना ते कधी सेवा वाटलं नाही. उद्या माझी पाळी असते ना, म्हणायच्या. मला वाटतं म्हणूनच खेड्यात स्वयंसेवक हा शब्द जरा उपराच वाटतो, तिथे अनोळखी माणसासाठी काम करायची वेळच कमी यायची.

'स्वेच्छासेवक' राहिला. चूक नाही, पण कुणाच्या तोंडात नाही, आणि पोस्टरवर अडखळायला लावणारा शब्द नको. 'व्हॉलंटियर' चालतो, कॉलेजची पोरं तेच म्हणतात, ठाण्याच्या पाडव्याच्या स्वागतयात्रेत पण निम्मे जण तेच म्हणतात. पण तुम्हाला ऐरोलीच्या दिवा कोळीवाड्यातली माणसं पण यायला हवी असतील, तर फक्त इंग्रजी शब्दावर राहू नका. आणि जमलं तर कांदळवनाबरोबर 'तिवर' पण लिहा, खाडीवरची माणसं तिवरच म्हणतात.

म्हणून तुमच्या पोस्टरवर मी नाव बाजूला ठेवून सरळ बोलावलं असतं: 'ऐरोलीच्या खाडीतली तिवरं प्लास्टिकने गुदमरतायत. रविवारी तीन तास द्याल? हातमोजे आणि पाणी आमचं, जुने बूट तुमचे.' खाली बारीक अक्षरात 'स्वच्छता मोहिमेसाठी स्वयंसेवक नोंदणी' आणि फोन नंबर. पैसे मिळणार नाहीत हे वेगळं लिहायची गरज नाही, 'द्याल?' मध्ये ते आलंय. कॉलेजच्या पोरांना तासांचं सर्टिफिकेट मिळणार असेल तर तेवढं मात्र लिहा, निम्मी गर्दी त्याचीच असते. आणि वेळ टाकायच्या आधी वनखात्याच्या कांदळवन कक्षाची परवानगी आणि ओहोटीची वेळ दोन्ही बघून घ्या, मागे मी एका पत्रकात सकाळी आठ छापून दिलं होतं आणि लोक आले तेव्हा खाडी तुडुंब भरलेली.